अर्धी चूक

भूमच्या पठारावर उभं राहिलं की जमीन सपाट दिसते. पावसाळ्यात कळतं की ती सपाट नाही. बालाघाटच्या या माथ्यावर पडलेल्या सरीचं एका अंगाचं पाणी मांजरेला जातं आणि गोदावरीला मिळतं, दुसऱ्या अंगाचं सीनेत उतरतं आणि भीमेतून कृष्णेकडे निघतं. दोन खोरी वेगळी करणारा हा उंचवटा डोळ्याला कुठेच दिसत नाही. मुरमाड माळावर समोर टेकडी असली तर चढाचा उतार वाटतो, उताराचा चढ. आमच्याकडे बांध फुटण्यामागे पाऊस जितका असतो, तितकाच हा डोळ्याचा धोकाही असतो.

म्हणून या भागात पातळी मोजणाऱ्या यंत्राला मान आहे. १९७२च्या दुष्काळात रस्ते, पाझर तलाव, माती नाला बांध, ढाळीचे बांध यांची कामं गावोगाव निघाली. हजारो माणसं खडी फोडत, माती वाहत होती. त्यांच्या पुढे चुन्याची रेघ मारणारा एक ओव्हरसियर, एक स्टाफ, म्हणजे खुणांची उभी मोजपट्टी, धरणारा आणि तिपाईवर पितळेची आडवी नळी असं ठरलेलं दृश्य होतं. ती नळी म्हणजे डंपी लेव्हल. विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज इंजिनिअरने १८३२च्या सुमारास रेल्वेच्या कामासाठी ती आखूड, दणकट दुर्बीण घडवली आणि तिने पुढची दीडशे वर्षं भारतभर कालवे, रस्ते आणि बांध आखले. आज त्यातल्या बऱ्याचशा कपाटांच्या माथ्यावर किंवा अडगळीत पडून आहेत, नाहीतर मोडीत पितळेच्या भावाने जात आहेत. विकणारा सांगतो, ‘यातली रेघ वाकडी झाली, आता उपयोग नाही.’

या लेखाला कारण झालं ते हेच वाक्य. रेघ वाकडी झाल्याने यंत्र मोडीत निघत नाही. ती रेघ घरी, अंगणात, दोन खुंट्या आणि एका ओळंब्याच्या मदतीने सरळ करता येते. माझ्याकडे आलेली डंपी मी अशीच लावून घेतली.

दुर्बीण दूरचं जवळ दाखवते, पण नेमकं कुठे पाहायचं हे तिला ठाऊक नसतं. ते सांगते आतली फुली. नळीत, डोळ्याच्या भिंगाच्या जरा पुढे, पितळेची एक कडी असते. तिला डायफ्राम म्हणतात. कडीवर एक उभा आणि एक आडवा धागा ताणलेला असतो. काही यंत्रांत आडव्याच्या वर-खाली अंतर काढण्यासाठी आणखी दोन आखूड रेघा असतात. कडी चार स्क्रूंनी नळीत अधांतरी धरलेली असते: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. फुलीपासून पुढच्या मोठ्या भिंगाच्या मध्यातून जाणारी रेषा हीच यंत्राची नजर. फुली केसभर सरकली की नजर दूरवर कितीतरी सरकते.

किती, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. मोठ्या भिंगापासून फुलीचं अंतर ३०० मिलिमीटर धरा. ६० मीटरवर १८ मिलिमीटरची चूक दूर करायची असेल तर फुली हलवावी लागते फक्त ०.०९ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. आणि फुलीसाठी माणसाचाच केस वापरला, तर त्याची जाडी ६० मीटरवरच्या स्टाफचा सोळा-सतरा मिलिमीटरचा पट्टा झाकून टाकते. मग वाचायचं काय? धागा केसाच्या पंधरा-वीस पट बारीक हवा, तरीही ताणलेला आणि न तुटणारा. माणसाच्या हाताने तसा धागा काढणं फार काळ जमलंच नाही. कोळ्याला ते येत होतं.

कोळी या कामात आला तोही आपणहून. १६४०च्या आसपास यॉर्कशरचा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण दोन भिंगं घेऊन सूर्य पाहण्याचे प्रयोग करत होता. उघड्या राहिलेल्या नळीत कोळ्याने धागा टाकला आणि नेमका भिंगाच्या नाभीच्या जागी टाकला. दुर्बिणीत पाहिलं तर आकाशावर एक लख्ख रेघ. दुर्बिणीने मोजताही येईल हे त्याला तिथे समजलं. त्याने पुढे दुर्बिणीत बसणारं बारीक मोजमापाचं साधनही बनवलं, पण १६४४ साली इंग्लंडच्या यादवी युद्धात तो मारला गेला आणि त्याचं काम बरीच वर्षं कागदपत्रांत पडून राहिलं. अठराव्या शतकात इटलीत फेलिचे फोंताना आणि अमेरिकेत डेव्हिड रिटनहाउस यांनी कोळ्याचा धागा जाणूनबुजून वापरला. त्यानंतर मोजणीच्या यंत्रांत तो रुळला आणि काचेवर कोरलेल्या रेघा स्वस्त होईपर्यंत टिकला.

मोजणीच्या जुन्या पुस्तकांत धागा बदलण्याची रीत दिलेली असायची, कारण माळावर धागा तुटला तर कारखाना शेकडो कोसांवर. दुबेळक्याच्या काडीवर जिवंत कोळ्याकडून धागा गुंडाळून घ्यायचा. वाफेत ओलसर करून ताणायचा. कडीवर आधीच कोरलेल्या बारीक खाचांत बसवायचा आणि दोन्ही टोकांना स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा थेंब द्यायचा. लाख वाळेपर्यंत हात लावायचा नाही. दमट हवेत धागा सैल पडतो, म्हणून हे काम कोरड्या दिवशी करायचं. आमच्याकडे कोरड्या दिवसांना तोटा नाही.

भूमचा या सगळ्याशी संबंध शिवारापुरता नाही. नकाशावर बीदरपासून मुंबईपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली तर ती भूम आणि परंडा यांच्या मधून जाते. विल्यम लॅम्टन यांनी दक्षिणेतून सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात बीदरजवळ १८१५ साली एक पायारेषा, म्हणजे त्रिकोणांना आधार देणारी मूळ रेघ, मोजली गेली. १८२२च्या अखेरीस त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट त्या पायारेषेपासून पश्चिमेला, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची माळ टाकत निघाले होते. पुढे सरकणाऱ्या त्या मोजणीला खीळ बसली ती लॅम्टन यांच्या मृत्यूने. सत्तरीच्या घरातला हा माणूस नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला गेला. वर्धा जिल्ह्यात त्यांची कबर आहे. एव्हरेस्ट यांना मुख्य काम हाती घ्यावं लागलं आणि मुंबईकडची माळ पुढे दुसऱ्यांनी पुरी केली.

यंत्रदुरुस्तीच्या इतिहासातला मला सगळ्यांत मोठा वाटणारा प्रसंग लॅम्टन यांच्याच नावावर आहे. त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारं यंत्र, लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवलेला, वजन अर्ध्या टनाच्या आसपास, आडवं वर्तुळ तीन फूट व्यासाचं. येताना वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं, यंत्र मॉरिशसला नेलं आणि शास्त्राचं साधन आहे हे पाहून सन्मानाने परत पाठवलं. ते यंत्र १८०८ साली तंजावरला, दुसरे सरफोजीराजे गादीवर असताना, तिथल्या मोठ्या देवळावर दोरखंडाने चढवलं जात होतं. दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळाचा आकार बिघडला. नवं यंत्र विलायतेतून यायला वर्षं गेली असती. लॅम्टन ते घेऊन तिरुचिरापल्लीला गेले, तोफखान्याच्या कारागिरांना सोबत घेतलं आणि तंबूत बसून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वर्तुळ जरा जरा करत मूळ आकाराला ओढत राहिले. सहा आठवडे हे चाललं. त्या यंत्राने पुढे पुन्हा मोजणी केली.

एव्हरेस्ट यांच्या काळात इंग्लंडहून हेन्री बॅरो हा यंत्रकार आला, आणि त्याच्यानंतर सर्वेक्षणाच्या यंत्रकाराचं पद आर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आलं. ते मूळचे जवाहिऱ्याच्या कामातले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून आक्षेप निघाले. एव्हरेस्ट त्यांच्या हाताच्या बाजूने उभे राहिले. हिमालयाच्या शिखराला एव्हरेस्ट यांचं नाव आहे. मोहसीन हुसेन यांचं नाव आपल्या शाळेच्या एकाही पुस्तकात मला भेटलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या बोटांनी यंत्रं खरी ठेवली त्यांच्याशिवाय उंचीचा एकही आकडा लिहिला गेला नसता.

आता अंगणातलं काम.

पहिली गोष्ट म्हणजे घाईने स्क्रूला हात लावायचा नाही. फुली वाकडी दिसते तेव्हा निम्म्या वेळा फुलीचा दोष नसतोच. आधी दुर्बीण आभाळाकडे किंवा पांढऱ्या कागदाकडे धरून डोळ्याचं भिंग फिरवायचं, धागा काळाभोर आणि ठसठशीत दिसेपर्यंत. मग दूरचा स्टाफ स्पष्ट करायचा. आता डोकं जरा वर-खाली हलवायचं. धागा स्टाफवर सरकल्यासारखा वाटला तर प्रतिमा धाग्याच्या पातळीत पडलेली नाही. पुन्हा भिंग फिरवायचं. याला पॅरालॅक्स म्हणतात. तो न काढता घेतलेलं प्रत्येक रीडिंग पाहणाऱ्याच्या मानेवर अवलंबून राहतं.

मग ओळंबा. लिंबाच्या फांदीला वारा लागणार नाही अशा आडोशाला ओळंबा टांगायचा, खालचं वजन पाण्याच्या डब्यात बुडवायचं म्हणजे दोरी झुलत नाही. बबल, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतला बुडबुडा, मध्ये आणून दुर्बिणीतून दोरी पाहायची. उभा धागा दोरीवर पूर्ण लांबीत बसला तर ठीक. तिरका असेल तर चारही स्क्रू अगदी किंचित सैल करून कडी बोटाच्या टिचकीने फिरवायची. या स्क्रूंच्या डोक्याला आडवी भोकं असतात. त्यांत घालायला पोलादाची बारीक सळई लागते. घड्याळजीकडे ती मिळते, नाहीतर सायकलच्या तारेचं टोक घासून होते. एक नियम मोडायचा नाही: समोरासमोरच्या दोन स्क्रूंपैकी आधी एक सैल, मग दुसरा तेवढाच घट्ट. आधी घट्ट केला की पितळेची आटी मरते किंवा कडी वाकते, आणि मग खरोखर मोडीत जाण्याची वेळ येते.

यानंतर बबल. इथे या सगळ्या विद्येचं मर्म आहे. दुर्बीण दोन पायांच्या स्क्रूंच्या वर आणून बुडबुडा मध्ये आणायचा आणि नळी पूर्ण उलटी, १८० अंशांत फिरवायची. बुडबुडा मध्येच राहिला तर बबल खरा. बाजूला सरकला तर जेवढा सरकला ती चुकीची दुप्पट असते, कारण उलटं फिरवल्यावर चूक दुसऱ्या बाजूला जाऊन दोनदा मोजली जाते. म्हणून निम्मं सरकणं पायाच्या स्क्रूने काढायचं आणि निम्मं बबलच्या नटाने. यंत्र खरं आहे की खोटं हे सांगायला दुसरं खरं यंत्र लागत नाही. त्याच यंत्राला उलटं करून पाहिलं की ते स्वतःची चूक दुप्पट करून समोर ठेवतं.

रायफलीवरच्या जुन्या दुर्बिणीत फुली हलली असेल तर घरी ती मध्ये आणण्याची रीत याच सूत्रावर उभी आहे. दुर्बीण रायफलीपासून वेगळी करतात. रायफलीचं काम परवानाधारक शस्त्रकारागिराचं, त्यात घरी हात घालायचा नाही. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचा कापून त्यांत नळी ठेवायची, दूरच्या खांबावरच्या एखाद्या ठिपक्यावर फुली आणायची आणि नळी खाचांतल्या खाचांत फिरवायची. फुली ठिपक्याभोवती गोल फिरली तर ती नळीच्या मध्यावर नाही. अर्ध्या फेरीत ती जितकी दूर गेली त्याच्या निम्मं अंतर वरच्या आणि बाजूच्या चकत्यांनी काढायचं. फिरवत, निम्मं काढत गेलं की फुली ठिपक्यावर स्थिर राहते. जुन्या दुर्बिणींत चकती फिरवली की फुलीच नजरेच्या कोपऱ्यात सरकायची. नंतरच्या दुर्बिणींत आतली नळी कलते आणि फुली मध्येच दिसते. म्हणून जुन्या दुर्बिणीत फुली कोपऱ्यात दिसली तर दोष बहुधा बैठकीचा असतो: ज्या कड्यांत नळी बसते त्या तिरक्या असतात आणि कुणीतरी फुली ओढून ती तिरकाई झाकलेली असते. फुली तिरकी दिसत असेल तर इथेही ओळंबाच टांगायचा, कड्या सैल करून नळी फिरवायची. आपल्याकडे रायफल म्हटलं की दुर्बीण डोळ्यासमोर येते, पण कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेतलं ते भिंगाच्या दुर्बिणीशिवाय. त्या स्पर्धेत रायफलीवर ती चालतच नाही. तिथे एका बारीक छिद्रातून पुढचं कडं आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं असतं.

डंपीची नळी मात्र कड्यांत घट्ट बसवलेली, खाचांत फिरवता येत नाही. तिच्यासाठी दोन खुंट्यांची चाचणी आहे. पुण्याच्या विद्यार्थी गृहाने छापलेलं टी. पी. कानेटकर आणि एस. व्ही. कुलकर्णी यांचं मोजणीचं पुस्तक देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्यान्पिढ्या वाचलं गेलं. ज्यांनी ते वाचलं त्यांना ही चाचणी पाठ असते. मी ती इथे आकड्यांसह मांडतो, कारण ती कॉलेजात अडकून राहू नये असं मला फार वाटतं.

एकमेकींपासून ६० मीटरवर दोन खुंट्या ठोकायच्या. यंत्र बरोबर मध्ये, ३० मीटरवर. पहिल्या खुंटीवरच्या स्टाफचं रीडिंग समजा १.४२५ आणि दुसरीवरचं १.६१०. फरक ०.१८५ मीटर. यंत्राची नजर वर उचललेली असो की खाली झुकलेली, दोन्ही खुंट्या सारख्याच अंतरावर असल्यामुळे चूक दोन्ही रीडिंगमध्ये सारखी मिसळते आणि वजाबाकीत निघून जाते. म्हणजे यंत्र बिघडलेलं असताना काढलेला हा फरक खरा आहे. आता यंत्र उचलून पहिल्या खुंटीजवळ, दोन-अडीच मीटरवर लावायचं. तिथलं रीडिंग १.५०० आलं, तर दुसरीवर १.६८५ यायला हवं. दुर्बीण दाखवते १.७०३. नजर ६० मीटरमध्ये १८ मिलिमीटर वर चढते आहे.

फुली हलवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नजर फुलीपासून मोठ्या भिंगाच्या मध्यातून बाहेर जाते, म्हणून नजर खाली आणायची तर फुली वर न्यावी लागते. त्यात जुन्या डंपीत चित्र उलटं, स्टाफचे आकडे डोक्यावर उभे. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात उलट्या दिशेला जाणं स्वाभाविक आहे. एका वेळी स्क्रूला एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त वळण द्यायचं नाही, प्रत्येक वळणानंतर बबल पाहायचा आणि मगच स्टाफ.

१८ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. हिशेब पुढे नेला की १०० मीटरला ३० मिलिमीटर होतात. माळावर सलग समतल चर आखताना मागचं रीडिंग जवळून आणि पुढचं लांबून घेत यंत्र तीनदा पुढे नेलं तर नऊ सेंटिमीटर. चराची खोली असते ३० सेंटिमीटर. चर सगळीकडे सारखा भरायच्या ऐवजी पाणी एका टोकाला धावतं, तिथे साठतं, तिथून काठ फोडतं आणि खालच्या बांधावर पडतं. एका फुटलेल्या चरामागे खालचे दोन-तीन बांध जातात आणि वर्षानुवर्षं जमलेली माती एका रात्रीत ओढ्याला लागते. लोक पावसाला बोल लावतात. दुर्बिणीतली फुली केसभर सरकलेली होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

गावोगावच्या श्रमदानात आता साधी पारदर्शक नळी वापरतात, पाणी फाउंडेशनने तिला हायड्रोमार्कर म्हणून घरोघर पोहोचवलं. ती मला फार आवडते. त्यात फुली नाही, बिघडायला काही नाही, पाणी स्वतःची पातळी स्वतः सांगतं. पण नळीच्या लांबीएवढंच पाऊल पडतं, म्हणून पाझर तलावाच्या सांडव्यासाठी किंवा लांब पाटासाठी ती अपुरी पडते. सरकारी कामांत ऑटो लेव्हल, टोटल स्टेशन आणि उपग्रहावर चालणारे रोव्हर आले. ऑटो लेव्हलमध्ये आत टांगलेला लोलक नजर आपोआप आडवी करतो. तरीही तो पडला, जीपमध्ये आदळला, की त्याचीही फुली सरकते आणि त्यालाही याच दोन खुंट्या लागतात. नव्या यंत्राच्या पेटीवर भरवसा ठेवून चाचणी न करणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या यंत्रापेक्षा अंगणात लावून घेतलेली जुनी डंपी जास्त खरी.

म्हणून ज्यांच्या कार्यालयात, आयटीआयत किंवा घरी अशी पितळी दुर्बीण पडली असेल त्यांनी ती विकण्याआधी एक कोरडी सकाळ तिला द्यावी. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि स्टाफचे आकडे थरथरतात, म्हणून दहाच्या आत काम उरकावं. भिंगाला पावसाळ्यातली बुरशी असली तर आधी ती काढावी, पण डायफ्रामवर कापड किंवा फुंकर अजिबात नको. धागा असेल तर तुटतो, कोरलेली काच असेल तर डागाळते. शाळेचं मैदान साठ मीटरला पुरतं, आणि नववी-दहावीच्या मुलांना ही वजाबाकी सहज येते. त्यांना मध्ये उभं करून पहिलं रीडिंग घ्यायला लावा आणि बिघडलेल्या यंत्रातून खरा फरक कसा निघाला हे त्यांच्याच वहीत त्यांना शोधू द्या.

दुसरी फेरी चुकवू नका. जवळच्या खुंटीपासूनच्या दोन-अडीच मीटरमध्येही यंत्राची थोडी चूक असतेच, ती पहिल्या फेरीत धरलेली नसते, आणि स्क्रू घट्ट करताना फुली पुन्हा जरा सरकते. यंत्र परत मध्ये नेऊन सगळं पहिल्यापासून करायचं. स्टाफवर पाच मिलिमीटरच्या खुणा असतात, त्यांच्या मधलं अंदाजाने वाचायचं. दोन्ही फरकांत दोन मिलिमीटरहून कमी तफावत राहिली की चारही स्क्रू बोटाने तपासून झाकण लावायचं आणि पेटीच्या आत तारीख लिहून ठेवायची.